‘थोडी सोय’ करण्याआधी

प्रश्न : मुलाने फर्मागुडीच्या आयटीआयमधून मशिनिस्टचा दोन वर्षांचा कोर्स केला. आता कुंडईच्या एका कारखान्यात वर्षभराची अ‍ॅप्रेंटिसशिप करतोय. तिथे सगळं सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर. बटणं दाबून काय शिकणार? घरी पितळेचे भोवरे करून आणतो. एका खात्यात क्लार्कची जागा निघणार आहे. ओळखीच्या माणसाने शब्द दिलाय, थोडी सोय करावी लागेल. मध्येच सोडलं तर अडचण येईल का?
– एक पालक, साखळी

उत्तर : नमस्कार. ‘थोडी सोय’पाशीच मी अडखळले. आकडा तुम्ही लिहिला नाही, मी विचारतही नाही. पण सरकारी नोकरीसाठी पैसे देणारा कायद्याच्या कचाट्यात सापडतो, नुसता घेणारा नव्हे. म्हणूनच फसलेला माणूस पोलिसांत जायला कचरतो, आणि त्यावरच या लोकांचं फावतं. २०२४ मध्ये गोव्यात अशी प्रकरणं एकामागून एक बाहेर आली, ती तुम्हीही वाचली असतील. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी बायकोच्या पाटल्या मोडल्या होत्या. नोकरीही नाही, पाटल्याही नाहीत. पैसे दिले नसतील तर देऊ नका. दिले असतील तर माझा सल्ला राहू दे, आधी वकील गाठा.

क्लार्कच व्हायचं असेल तर कर्मचारी निवड आयोगाची परीक्षा आहे. ती हे वर्ष पूर्ण करूनही देता येईल.

आता बटणांचं. १०० मिलिमीटरचा पोलादी जॉब, म्हणजे घडवलेला तुकडा, मशीनवरून उतरला तेव्हा २० अंशांनी जास्त तापलेला असेल, तर तो जवळपास २३ मायक्रॉनने (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांबलेला असतो. ड्रॉइंगवर मापात इकडेतिकडे व्हायची सूट १० मायक्रॉनचीच असेल, तर गरम असताना बरोबर भरलेलं माप थंड झाल्यावर कमी भरतं आणि जॉब भंगारात. शिवाय कापणारं टूल झिजत जातं, तसं माप सरकतं. ऑफसेट, म्हणजे मापाची दुरुस्ती, कधी आणि किती द्यायचा, हे बटणाला कळत नाही. सेटिंग चुकलं तर सीएनसी तीच चूक शंभर जॉबांत अगदी अचूक करते! हे ओळखायला मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, हातात घेऊन महिनेच्या महिने उभं राहावं लागतं.

मध्येच सोडलं तर करारभंग होतो, प्रशिक्षणाचा खर्च भरायची वेळ येऊ शकते. वर्षाअखेरीचं राष्ट्रीय प्रमाणपत्रही हुकेल. त्याच कारखान्यात कायम करतील याची हमी मात्र कायदा देत नाही, ती मीही देणार नाही. वर्षभर एकाच मशीनवर जुंपून ठेवलं, तर त्याने तक्रार जरूर करावी.

आणि तो भोवरा. तुम्ही तक्रार म्हणून लिहिलात, पण फिरवून पाहिलात का? न डगमगता उभा फिरत असेल, तर खालची आर आणि कड एकाच मध्यावर आलीत. जॉब चकमध्ये (मशीनच्या पकडीत) उलटा धरताना ते कसं साधलं, हे त्यालाच विचारा. माझ्यापेक्षा नीट सांगेल.