पाय लांबवलेत, आता हाड भरेपर्यंत काय सांभाळायचं

मित्रा, उंचीसाठी नडगीचं हाड कापून पाय लांबवायचं ऑपरेशन केलंस, आणि तीन महिन्यांनी एक्स-रेत कापलेल्या जागी फट दिसतेय म्हणून घाबरू नकोस. हाडाची कापलेली टोकं रोज साधारण १ मिमी दूर ताणली जातात, म्हणजे ५ सेंमीला ५० दिवस. पण मधलं नवं हाड कडक व्हायला त्याच्या दुप्पट, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. दुसऱ्या कुणाच्या तारखा बघून स्वतःला दोष देऊ नकोस.

सध्या सगळ्यात जास्त लक्ष टाचेकडे दे. नडगी लांबते, पोटरीचा स्नायू मागे राहतो आणि पंजा खाली ओढला जातो. फिजिओने दाखवल्याप्रमाणे गुडघा सरळ ठेवून, पंजाला टॉवेल अडकवून स्वतःकडे ओढ. हे दिवसातून अनेकदा हवं. नवखे हमखास चुकतात ते गुडघ्याखाली उशी घेऊन. आराम वाटतो खरा, पण गुडघा वाकलेलाच आखडतो.

बाकी थोडक्यात:
- सिगारेट, तंबाखू पूर्ण बंद. हाड भरणं लांबतं.
- आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नकोस, आधी सर्जनला विचार.
- पायावर वजन ते सांगतील तेवढंच.

रात्र रात्र झोप नसेल, सारखं रडू येत असेल तर तेही डॉक्टरांना सांग. ऑपरेशन स्वतःच्या हौसेने केलं म्हणून मुकाट सोसायचं, असं अजिबात नाही.

हाडात बसवलेल्या पिनेजवळ पू, ताप, बोटं बधिर होणं, पाऊल वर उचलता न येणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी सर्जनला फोन कर. पोटरी अचानक सुजली किंवा धाप लागली तर फोनवर वेळ न घालवता थेट इमर्जन्सीत जा.