कोणत्या व्यवसायांत लठ्ठपणा अधिक आढळतो आणि वजन घटवण्यासाठी कंपनीने बक्षीस दिल्यास उपयोग होतो का?
लांब पल्ल्याच्या ट्रकचालकांत तो विशेष आढळतो; अमेरिकेतील २०१० च्या सर्वेक्षणात असे ६९ टक्के चालक लठ्ठ निघाले, आणि त्यामागे केवळ बैठे काम नसून अपुरी झोप, अवेळी जेवण व व्यायामाला सवड नसणे हेही असते.

बक्षिसांविषयी मात्र मी साशंक आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात वजन घटवणाऱ्या कर्मचाऱ्यांना पगारातून कापल्या जाणाऱ्या आरोग्यविम्याच्या हप्त्यात ५५० डॉलरची सवलत देऊ केली होती, तरी वर्षअखेरीस त्यांचे वजन फारसे घटले नव्हते. हप्त्यात दडलेली सवलत (पगारपत्रक तरी कोण निरखून वाचतो?) जेवताना आठवत नाही. २००८ च्या प्रयोगात स्वतःचे पैसे पणाला लावणारे आणि सोडतीत भाग घेणारे १६ आठवड्यांत बरेच बारीक झाले, परंतु बक्षीस थांबल्यावर बरेचसे वजन परतले.