६ आणि ९ वर्षांच्या मुलांना घेऊन क्योटो, किती दिवस ठेवावेत आणि काय बघावं?

४ दिवस ठेवा, आणि दिवसाला एकच मोठं ठिकाण धरा प्लीज, कारण तिसऱ्या देवळापर्यंत मुलं कंटाळतातच, त्यात त्यांची काही चूक नाही.

फुशिमी इनारी या डोंगरावर पसरलेल्या देवळाला सकाळी ७ च्या आत पोचा, तिकीट नाही आणि २४ तास उघडं असतं, ९ नंतर त्या केशरी तोरी कमानींखाली गर्दीमुळे मुलांचा हातसुद्धा सोडता येत नाही. वरपर्यंत चढायचा हट्ट करू नका, अर्ध्यातून परत आलात तरी चालतं.

मुलांसाठी खरं भारी म्हणजे निजो किल्ला!! १६०३ चा, तेव्हाचा जपानचा लष्करी शासक (शोगुन) तोकुगावा इएयासुचा, तिथल्या निनोमारू महालात लाकडी जमिनीवर चाललं की पक्ष्यासारखी चिवचिव होते, बूट बाहेर काढून आत सोडतात त्यामुळे मुलं हळूहळू पाऊल टाकून आवाज ऐकत बसतात, तिथे घाई अजिबात करू नका.

एक दिवस जवळच्या नारा शहराला, ट्रेनने पाऊण तास, हरणं मोकळी फिरतात पण बिस्किटं हातात दिसली की ढुशा देतात, धाकट्याला जवळ ठेवा. पाऊस आला तर क्योटोचं रेल्वे म्युझियम.

ट्रेनला ६ ते ११ वयाला अर्धं तिकीट.

शाकाहारी असाल तर नीट लक्ष द्या, साध्या भाजीच्या सूपमध्येपण बहुतेकदा दाशी म्हणजे माशाचा अर्क असतो, आधी विचारा. थेपले, मेतकूट, इन्स्टंट पोहे सोबत घ्याच.