बुजवलेला चर पावसात का खचतो?

प्रश्न : आमच्या गल्लीत जलवाहिनीसाठी खणलेला चर बुजवून वर डांबर टाकलं. पहिल्याच पावसात तो वीतभर खचला. डांबर कमी पडलं का?

उत्तर : नाही, दोष खालच्या भरावाचा आहे. चर एकदम काठोकाठ भरून वरून रोलर फिरवला की दाब खोलवर पोहोचतच नाही. तळ पोकळ राहतो आणि पाणी मुरलं की बसतो.

पाइपाच्या दोन्ही कुशींत वाळू नीट ठासावी. माथ्यावर 300 मिमी भराव होईपर्यंत धुम्मस हातानेच, नाहीतर पाइप फुटतो. त्यापुढे मुरूम 150 मिमीच्या थरांनी घालून प्रत्येक थर रॅमरने (ठोके देणाऱ्या यंत्राने) दाबावा. प्रॉक्टर घनता (प्रयोगशाळेत तोच भराव ठरावीक ठोक्यांनी दाबून मिळणाऱ्या कमाल घनतेच्या तुलनेत) किमान 95 टक्के, खडीखालच्या शेवटच्या अर्ध्या मीटरला 97 टक्के हवी. उकरलेली काळी माती परत टाकूच नका. ती पाण्याने फुगते, उन्हात आकसते.

ओलावा फार महत्त्वाचा. मूठभर मुरूम आवळा : गोळा बनून बोटाने दोन तुकडे झाला तर ठीक. भुगा झाला तर पाणी शिंपडा, हाताला चिखल लागला तर सुकू द्या.

डांबरापूर्वी जुन्या कडा दोन्हीकडे 150 मिमी तरी सरळ कापून टॅक कोट (जुनं-नवं चिकटवणारा डांबराचा पातळ थर) मारावा. पाणी तिथूनच शिरतं.