एअर पिस्तूल नव्याने हाती घेतलेल्यांना मिळणारे सल्ले

आपण नुकतीच 10 मीटर एअर पिस्तूल नेमबाजी सुरू केली आहे आणि रेंजवरच्या मंडळींनी आपल्याला तीन सल्ले दिले आहेत: हात अजिबात हलू द्यायचा नाही, दहा (टार्गेटच्या मधोमधचे दहा गुणांचे वर्तुळ) दिसला की लगेच मारायचे, आणि आधी स्वतःचे पिस्तूल घ्यायचे. यांतले कोणते पाळावेत, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की तिन्ही बाजूला ठेवावेत. त्यातही पहिल्या दोहोंनी लागलेल्या सवयी मोडायला फार काळ जातो.

हात हलतोच. वर्षानुवर्षे खेळणाऱ्याचाही हलतो, फक्त कमी हलतो. फोरसाइट (नळीच्या टोकाकडची नेम धरायची खूण) बॅकसाइटच्या (मागच्या बाजूच्या साइटच्या) खाचेत नीट मधोमध असताना संपूर्ण पिस्तूल 5 मिलिमीटर डावीकडे सरकले, तर छर्राही तेवढाच डावीकडे लागतो, आणि दहाच्या वर्तुळाचा व्यास 11.5 मिलिमीटर असल्यामुळे तो शॉट दहाच राहतो. याउलट मनगट जरासे वळून फोरसाइट खाचेत 1 मिलिमीटर बाजूला गेली, तर दोन्ही साइटमधले अंतर साधारण 32 सेंटिमीटर धरले असता 10 मीटरवर छर्रा सुमारे 31 मिलिमीटर भरकटतो, म्हणजे दहाचा थेट सात होतो. त्यामुळे हाताच्या हालचालीशी झगडण्यात शक्ती घालवू नये. ती हालचाल मान्य करून साइट जुळलेल्या ठेवाव्यात आणि ट्रिगरवरचा दाब संथपणे वाढवत न्यावा.

दुसरा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो, आणि ती स्पष्टता फोरसाइटला द्यायची असते. टार्गेटचा काळा गोल धूसर दिसला तरी चालते, किंबहुना तो तसाच दिसायला हवा. नेमही गोलाच्या मध्यावर न धरता त्याच्या खालच्या पांढऱ्या भागात धरायचा असतो. दहा शोधायला निघालेली नजर टार्गेटवर जाते, "आत्ताच" या घाईने बोट ट्रिगरला झटका देते, मनगट झुकते, आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचे शॉट बहुधा खाली-डावीकडे जाऊ लागतात. मग कोणीतरी साइटचे स्क्रू फिरवायला सांगतो. एकेका शॉटवरून साइट कधीही बदलू नये; आधी पाच शॉटांचा ग्रुप, म्हणजे ते टार्गेटवर एकत्र कुठे लागले आहेत, हे पाहावे, आणि ग्रुप विखुरलेला असेल तर साइटला हातही लावू नये.

यावरचा उपाय म्हणजे कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर ड्राय करणे, म्हणजे छर्रा न भरता ट्रिगर दाबण्याचा सराव करणे. समोर टार्गेटच नसल्यामुळे नजर आपोआप फोरसाइटवर टिकते आणि ट्रिगर सुटताना फोरसाइट हलली का, हे लख्ख दिसते. पिस्तुलाला ड्रायची सोय आहे ना आणि ते रिकामे आहे ना, हे मात्र प्रत्येक वेळी स्वतः तपासावे.

एक चांगला सल्ला आपल्याला कोणी दिलेला दिसत नाही: शॉट न मारता सोडून द्यायला शिका. आठ-दहा सेकंदांत ट्रिगर सुटला नाही, तर हात खाली घ्यावा, श्वास घ्यावा आणि पुन्हा उचलावा. स्पर्धेत 60 शॉटांना 75 मिनिटे मिळतात, तेव्हा यासाठी पुरेसा वेळ असतो.

खरेदीची घाई नको. ग्रिप हाताला बसणे महत्त्वाचे असते आणि आपल्या हाताला काय मानवते, हे क्लबच्या पिस्तुलांवर काही महिने खेळल्याशिवाय कळत नाही. पुढे जुने पिस्तूल घेतलेत, तर ट्रिगरचे वजन (तो सुटायला लागणारा दाब) 500 ग्रॅमपेक्षा कमी केलेले नाही ना, हे पाहावे, कारण त्याखाली ते स्पर्धेच्या तपासणीत बाद होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे छर्रा ढकलणाऱ्या दाबाखालच्या हवेच्या सिलिंडरवरची मुदत वाचावी. त्यात 200 बारपर्यंत दाब भरलेला असतो. मुदत संपलेला सिलिंडर कितीही स्वस्त मिळाला तरी भरू नये.