स्थळाची चौकशी: कॅलिफोर्नियातील न्यायालयीन नोंदी

प्रश्न : मुलीसाठी सांता क्लारा काउंटीतले स्थळ आले आहे. मुलावर मद्यपान करून गाडी चालवल्याचा खटला झाल्याचे कानावर आले. खात्री कशी करावी?

उत्तर : असे खटले तेथे काउंटीच्या सुपिरियर कोर्टात चालतात आणि त्यांच्या नोंदी सामान्यतः सर्वांसाठी खुल्या असतात, मात्र राज्याच्या नियमांनुसार फौजदारी कागदपत्रे सहसा घरबसल्या संगणकावर दिसत नाहीत, ती न्यायालयातच पाहावी लागतात, त्यामुळे तेथील नातेवाइकांना विनंती करावी. 2021 च्या एका निकालानंतर जन्मतारखेवरून शोध घेता येत नाही, म्हणून नामसाधर्म्याने फसू नये. आरोप आणि दोषसिद्धी यांतला फरकही पाहावा. सरकारी वकिलांशी झालेल्या तडजोडीत आरोप पुष्कळदा केवळ बेदरकार वाहनचालनावर येतो. खरे तर, आधी मुलालाच विचारलेले बरे.