स्किझोफ्रेनियात स्त्री आणि पुरुष रुग्णांच्या मेंदूतील जोडण्या वेगळ्या असतात का? एमआरआयमध्ये ते कळतं का?

गटांच्या सरासरीत काही फरक सापडतात, पण ते छोटे आहेत, प्रत्येक अभ्यासात तेच येत नाहीत, आणि एकट्या रुग्णाच्या स्कॅनवरून निदान किंवा औषध ठरवता येत नाही. फंक्शनल एमआरआयमधली ‘जोडणी’ म्हणजे दोन भागांतील रक्तप्रवाहाशी निगडित संकेत किती एका लयीत वरखाली होतात, एवढंच. प्रत्यक्ष मज्जातंतू त्यात मोजले जात नाहीत. खरी गोम इथेच आहे. स्कॅन चालू असताना डोकं अर्धा मिलीमीटर हललं तरी जवळच्या भागांतली जोडणी खोटी वाढते, लांबची घटते. एका गटाची हालचाल जास्त असेल तर तोच ‘लिंगभेद’ म्हणून छापला जातो. शिवाय पुरुषांत आजार साधारण विशीच्या आसपास, स्त्रियांत काही वर्षं उशिरा सुरू होतो. म्हणजे वय सारखं असलं तरी आजाराची वर्षं सारखी नसतात. औषधाचंही तसंच: सिगारेटच्या धुरामुळे क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही स्किझोफ्रेनियाची औषधं यकृतात लवकर मोडतात, त्यामुळे तोच डोस घेऊनही धूम्रपान करणाऱ्याच्या रक्तात औषध कमी असतं. एका गटात धूम्रपान जास्त असेल तर हा फरकही लिंगभेद वाटू शकतो.

शोधनिबंध वाचताना एक गोष्ट आधी पाहा: निरोगी स्त्री-पुरुषही अभ्यासात आहेत का, आणि ‘निदान × लिंग’ ही आंतरक्रिया, म्हणजे आजारामुळे पडणारा फरक स्त्री-पुरुषांत वेगवेगळा आहे का, हे थेट तपासलं आहे का? ‘पुरुषांत फरक आला, स्त्रियांत नाही’ एवढंच लिहिलं असेल तर तो पुरावा नव्हे. बहुतेकदा स्त्रियांची संख्याच तोकडी असते.